नणंदेचं पहिलं वर्ष

वॉर्डातले सगळे तिला पाठीमागे ‘वहिनी’ म्हणायचे, आणि हे नाव तिला तिच्या सख्ख्या नणंदेमुळे चिकटलं होतं.

सर्जरीच्या शिक्षणाचं तिचं हे शेवटचं वर्ष. त्या सरकारी हॉस्पिटलात पहिलं वर्ष तिने शिव्या खात काढलं होतं, दुसरं त्या पचवत, आणि आता द्यायची पाळी तिची होती. युनिटच्या प्रमुख सरांना मुलं ‘करवत’ म्हणत, कारण ते जातानाही कापायचे आणि येतानाही. पहिल्याच आठवड्यात तिने बांधलेली गाठ बघून त्यांनी सगळ्या राउंडसमोर विचारलं होतं, “हे काय आहे? टाका की बुटाची नाडी?” तेव्हापासून ती जेवताखाताना, फोनवर बोलताना, मिळेल तिथे खुर्चीच्या हाताला दोरा अडकवून गाठी मारत बसायची. आता तिच्यासारखी गाठ अख्ख्या युनिटात कोणाला जमत नव्हती. त्यामुळे तिची एक गोष्ट पक्की झाली होती : गोड बोलून माणूस खूश होतो, शिकत नाही. शिकायला अपमानच लागतो.

अशात नवीन वर्षाची मुलं आली. कोणाला कोणतं हॉस्पिटल आणि कोणतं युनिट हे वरून, केंद्रातून ठरून यायचं. तिथे नातंगोतं बघायची पद्धत नव्हती आणि आडनाव बघून कोणाला शंका यावी तर ती माहेरचंच लावायची. त्यामुळे तिच्या नवऱ्याची बहीण, घरात जिला सगळे ‘धाकटी’ म्हणत, ती नेमकी तिच्याच हाताखाली येऊन पडली.

घरी आनंदीआनंद झाला. सासूबाईंनी शेजारच्या काकूंना बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, “आमच्या घरातली ही पहिली डॉक्टर.” वहिनी तेव्हा चार पावलांवर ओट्यापाशी चहा गाळत उभी होती. लग्न होऊन ती या घरात आली तीच डॉक्टर म्हणून. काकूंनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि बिचाऱ्यांनी विषय बदलला. वहिनीने गाळणं असं आपटलं की चोथा भिंतीवर उडाला.

दुसऱ्याच दिवशी राउंडवर धाकटीची जीभ घसरली. “वहिनी, या पेशंटचा एक्सरे—” एवढंच ती म्हणाली. करवत सावकाश वळले.

“घरगुती मामला दिसतोय,” ते म्हणाले. “हरकत नाही. वहिनी, नणंदबाईंना एक्सरे कसा धरायचा ते शिकवा. त्यांनी तो उलटा धरलाय.”

हसू दाबता दाबता एकाला खोकला आला. संध्याकाळपर्यंत वॉर्डबॉयपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ‘वहिनी’ झालं. तिने धाकटीला चादरी ठेवायच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

“इथे मी मॅडम. घरी काय म्हणायचं ते म्हण. इथे परत तो शब्द तोंडातून आला तर तुला वर्षभर ड्रेसिंगच्या पलीकडे काही दिसणार नाही.”

“चुकून आलं गं.”

“‘गं’ पण नाही.”

धाकटी मान खाली घालून गेली. वहिनीने ठरवलं होतं, हिला मुळीच झुकतं माप द्यायचं नाही. सुरुवातीला खरंच तेवढंच होतं. पण झुकतं माप टाळता टाळता पारडं कधी दुसऱ्या बाजूला टेकलं हे तिला कळलं नाही, आणि कळलं तेव्हा ते उचलावंसं वाटलं नाही. बाकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी केलेलं ड्रेसिंग ती नजरेखालून घालायची. धाकटीचं मात्र उलगडून परत करायला लावायची, पेशंटसमोर. इतरांना एक प्रश्न, धाकटीला चार. घरी सासूबाईंसमोर जिभेला कुलूप घालून जे गिळावं लागायचं, ते सगळं वॉर्डात सव्याज बाहेर पडायचं. घरी धाकटीच्या ताटात पहिलं वाढलं जायचं, आणि इथे धाकटीला जेवायला सुट्टी कधी द्यायची हे वहिनी ठरवायची. तिला त्यात चव यायला लागली होती.

धाकटी नवी होती, घाबरट होती, आणि घाबरली की फोन करायची. कोणाला ताप आला, फोन. कोणाची लघवी कमी झाली, फोन. एकदा तिने दुपारी जेवणाच्या वेळेला पेशंटला उचकी लागली म्हणून फोन केला. वहिनी जेवण सोडून आली. उचकी थांबली होती. धाकटी सलाइनच्या स्टँडपाशी उभी होती आणि शेजारी सिस्टर इंजेक्शन भरत होत्या.

“तू डॉक्टर आहेस की दारावरची घंटा?” वहिनी म्हणाली. “यापुढे पेशंट मरायला टेकला असेल तरच मला फोन करायचा. आणि मेला असेल तर मला नको, शवागाराला कर.”

सिस्टरांनी सुई वर धरून तिच्यातली हवा काढली. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण या वॉर्डात त्यांनी असं पुष्कळ ऐकलं होतं.

त्यानंतर फोन थांबले. वहिनीला वाटलं, शिकली.

मग तो रविवार आला. वॉर्डात शिवणकाम करणारी एक बाई दाखल होती. आतड्याचा खराब तुकडा काढून उरलेली दोन टोकं एकमेकांना शिवलेली. ऑपरेशन करवतांनी केलं होतं, वहिनी मदतीला होती, आणि बाई ठीक चालली होती. आल्यागेल्याच्या ब्लाउजचं माप नुसत्या नजरेने सांगून ती शेजारच्या खाटांची करमणूक करायची. रविवारी सकाळी ती गप्प झाली. दुपारी तिची नाडी वाढली. धाकटीने सलाइन वाढवलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं, परत येऊन नाडी मोजली. नाडी आणखी वाढलेली. पोट जरा फुगल्यासारखं. तिने फोन हातात घेतला आणि परत खिशात ठेवला. बाई काही मरायला टेकली नव्हती, शुद्धीत होती, विचारलं की उत्तर देत होती. धाकटी जाऊन पुस्तक बघून आली, दुसऱ्या युनिटातल्या मुलाला विचारून आली. तो म्हणाला, तुझ्या मॅडमना सांग ना. ती म्हणाली, सांगते. पण सांगितलं नाही.

संध्याकाळी बाईचा रक्तदाब घसरला आणि हातपाय गार पडले, तेव्हा फोन गेला.

वहिनीने चादर बाजूला केली, पोटावर हात ठेवला आणि लगेच काढला. पोट फळीसारखं टणक झालं होतं. आतला टाका सुटून सगळी घाण पोटभर पसरली होती. पुढचं सगळं धावपळीत झालं. करवत घरून आले, पोट परत उघडलं, धुतलं, आणि आतड्याचं तोंड बाहेर पोटाच्या कातडीला आणून शिवलं. बाई वाचली. पण तिला कितीतरी दिवस अतिदक्षता विभागात नळ्या लावून राहावं लागलं, आणि पोटावर पिशवी घेऊन घरी जावं लागलं. जाताना ती कोणाशी बोलली नाही. तिच्या मुलाने निघताना वहिनीला एकच विचारलं, “दुपारी कोणी बघितलं असतं तर?” वहिनीने त्याला कधी तपासणीला यायचं ते सांगितलं.

चौकशीची बैठक करवतांच्या खोलीत झाली. बसायला खुर्च्या होत्या, पण त्यांनी कोणाला बस म्हटलं नाही.

“दुपारी नाडी वाढलेली तुम्हाला दिसली,” ते धाकटीला म्हणाले. “संध्याकाळपर्यंत कशाची वाट बघत होतात? मुहूर्ताची?”

धाकटी स्पष्टच म्हणाली, “मॅडमनी सांगितलं होतं, पेशंट मरायला टेकला असेल तरच फोन करायचा.”

खोलीतल्या सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. सिस्टर दाराशी उभ्या होत्या, त्या स्वतःच्या बुटांकडे बघत राहिल्या. वहिनीच्या डोळ्यांसमोर परीक्षा उभी राहिली, पुढची नेमणूक उभी राहिली, खुर्चीच्या हाताला मारलेल्या गाठी उभ्या राहिल्या.

“मी असं म्हटलेलं नाही,” ती म्हणाली. “मी म्हटलं होतं, जरा विचार करून फोन करत जा.”

धाकटीने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्या माणसाची उंची नव्याने मोजावी तसं.

करवतांना भांडण सोडवायचं नव्हतं, संपवायचं होतं. “पहिल्या वर्षाच्या मुलीला विचार करायला सांगणं हीच तुमची चूक,” ते वहिनीला म्हणाले, आणि धाकटीकडे वळले. “तुम्हाला लेखी समज मिळेल. आणि उद्यापासून लहान असो, मोठं असो, प्रत्येक गोष्टीसाठी तुम्ही सीनियरला फोन करायचा. प्रत्येक. सीनियरने यायचं. ही शिक्षा समजा.”

“समजलं सर,” धाकटी म्हणाली.

घरी नवऱ्याने दिवा मालवायच्या आधी विचारलं. तो शाळेत गणित शिकवायचा. आवाज चढवणं त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे त्याच्याशी भांडणंही कठीण होतं.

“तू म्हणाली होतीस का तसं?”

“हो.”

“मग तिथे ‘नाही’ का म्हणालीस?”

“माझं शेवटचं वर्ष आहे म्हणून. तिची अजून दोन वर्षं आहेत, तिचं निभावून जाईल. माझं आता अडलं तर सगळंच अडलं.”

“ती माझी बहीण आहे.”

“आणि मी कोण आहे?”

तो उत्तरादाखल कूस बदलून झोपला, आणि त्या दिवसापासून त्याचं तिच्याशी बोलणं बंद झालं. सासूबाई चहाचा कप तिच्यासमोर असा ठेवत की अर्धा बशीत सांडावा. धाकटी तिला घरी लहानपणच्या मैत्रिणीसारखं ‘तू’ म्हणायची, ती आता ‘तुम्ही’ म्हणायला लागली. “तुमचं झालं असेल तर मी बाथरूममध्ये जाते.” “तुमचा टॉवेल पडलाय.” इतकी अदब त्या घरात कोणी कोणाला दाखवली नव्हती.

आणि वॉर्डात फोन सुरू झाले.

“मॅडम, सात नंबर पाणी मागतोय. देऊ?”

“मॅडम, तीन नंबरला गोळी द्यायची वेळ झाली, देऊ?”

“मॅडम, पेशंट म्हणतोय बरं वाटतंय. काय करू?”

पहिल्या दिवशी वहिनी फोनवरच ओरडली. धाकटीने अगदी नम्रपणे सांगितलं, “मॅडम, सरांनी सांगितलंय सीनियरने यायचं. तुम्ही येणार नसाल तर तसं मी सिस्टरांना सांगून ठेवते.” वहिनी आली. यावंच लागलं. शिवणवाल्या बाईनंतर तिला ‘येत नाही’ म्हणायची सोयच उरली नव्हती. ती वर आली की धाकटी खाटेपाशी हात बांधून उभी असायची, कपाळावर आठीसुद्धा नाही. जिना उतरून खाली जावं तोवर दुसरा फोन. वहिनीची घोटेदुखी सुरू झाली. जेवण गार व्हायचं, चहा गार व्हायचा, ऑपरेशनच्या मधल्या वेळेत पाय पसरायला मिळायचे नाहीत. बाकीची मुलं पैजा लावायची की आज वहिनीच्या किती चकरा.

शिक्षा कोणाला झाली होती हे सगळ्या हॉस्पिटलला कळलं होतं, करवत सोडून.

पण आलंच आहे तर रिकाम्या हाताने कसं जायचं? वहिनीचा तो स्वभावच नव्हता. पाणी मागणाऱ्या सात नंबरच्या पोटाला ती कान लावायची आणि धाकटीला म्हणायची, “ऐक. आवाज येतोय?”

“येतोय.”

“म्हणजे काय?”

“आतडी हलतायत.”

“मग पाणी दे. पुढच्या वेळी आधी कान लाव, मग फोन कर.”

“फोन करूच ना पण?”

“कर,” वहिनी दातओठ खात म्हणायची.

दोघींनाही एकमेकींचं तोंड बघायची इच्छा नव्हती, म्हणून त्या पेशंटकडे बघायच्या. राग काढायचा म्हणून वहिनी कठीणात कठीण प्रश्न विचारायची, आणि तिची जिरवायची म्हणून धाकटी उत्तर तयार ठेवायची. फोन कमी झाले नाहीत, पण त्यांची भाषा बदलत गेली. ‘ताप आलाय’ जाऊन ‘ताप आलाय, जखम लाल आहे, डाव्या टोकाला दाबलं की पू येतोय’ असं व्हायला लागलं. वहिनीला हे दिसत होतं. ते बोलून दाखवण्यापेक्षा तिने जीभ कापून दिली असती.

एका दुपारी ती थिएटरमधून नुकतीच बाहेर पडली होती, तेवढ्यात फोन आला.

“मॅडम, तो रंगारी. परवा शिडीवरून पडलेला, बरगडीला मार लागलाय तो. त्याचा डावा खांदा दुखतोय म्हणतो.”

“गोळी दे.”

“खांद्याला कुठेच लागलेलं नाही मॅडम. मी सगळा फिरवून बघितला, दुखत नाही. झोपला की दुखतो, बसला की कमी होतो. नाडी सकाळपेक्षा वाढलीय.”

वहिनी जिना चढून नाही, धावत वर गेली. रंगारी हसून नमस्कार करत होता, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते. बरगडीखालची प्लीहा आत चिरली होती. पडल्यापासून तिने रक्त स्वतःच्या आवरणात धरून ठेवलं होतं, आणि आता ते आवरण फुटलं होतं. सांडलेल्या रक्ताने छातीखालचा पडदा चिडला की दुखणं खांद्यावर उमटतं. हे पुस्तकात असतं, पण खाटेवर ओळखायला मेंदू जागा लागतो. अर्ध्या तासात रंगारी टेबलावर होता. संध्याकाळी तो शुद्धीवर येऊन विचारत होता की भिंत अर्धीच राहिलीय, कधी सोडणार.

दुसऱ्या दिवशी राउंडवर करवत त्याच्या खाटेपाशी थांबले. “हे कोणी पकडलं?”

“मी सर,” धाकटी म्हणाली.

“मॅडमनी चांगलं शिकवलेलं दिसतंय.”

“हो सर. मॅडम प्रत्येक फोनला येतात.”

कोणाला यात टोमणा ऐकू आला नाही. ज्या एकीला ऐकू आला तिने पुढच्या खाटेवरचा एक्सरे उचलला आणि उजेडाकडे धरला.

त्याच सुमारास बातमी आली की केंद्रीय प्रशिक्षण मंडळाकडून एक निरीक्षक बाई येणार आहेत. कुठे कसं शिकवतात, शिकणाऱ्यांना कसं वागवतात, हे त्या एकेकाला बंद दाराआड विचारत. गेल्या वर्षी दुसऱ्या एका हॉस्पिटलातून त्यांनी सगळी शिकाऊ मुलं काढून घेतली होती म्हणे. करवतांनी राउंडवर सगळ्यांना सुनावलं, “जे बोलायचं ते बोला. पण लक्षात ठेवा, त्या एक दिवस येणार, मी रोज येणार.”

घरी नवऱ्याने कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं. “तिची माफी माग. निरीक्षकांसाठी नाही, असंच.”

“असंच कोणी माफी मागत नाही,” वहिनी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिने धाकटीला गाठलं, त्याच चादरींच्या खोलीत. दार लोटलं. तिने आयुष्यात कोणाची माफी मागितली नव्हती. तिला शिकवणाऱ्यांपैकी कोणी मागितलेली तिने पाहिली नव्हती.

“त्या बैठकीत…” ती म्हणाली.

“मला माफी नकोय,” धाकटी म्हणाली. “तुमच्याच्याने होणार पण नाही. मला अपेंडिक्स हवंय.”

“काय?”

“या युनिटात पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाने एक तरी अपेंडिक्स स्वतःच्या हाताने काढलंय. मी सोडून. यादीत माझं नाव लागलं की तुम्ही ते काढून स्वतः करता. पुढचं अपेंडिक्स मी करणार. तुम्ही समोर उभ्या राहून मदत करायची आणि चाकूला हात लावायचा नाही.”

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. निरीक्षक येण्याआधीचा सौदा. पोरगी तिला वाटली त्यापेक्षा पोहोचलेली होती. “ठीक आहे,” ती म्हणाली, आणि मनातल्या मनात तिला हायसं वाटलं. सौदा तिला कळत होता. माफी कळत नव्हती.

अपेंडिक्स एका शाळकरी मुलीचं होतं. धाकटीने चाकू घेतला. कातडी, चरबी, खालचा चकाकता पापुद्रा. “स्नायू कापू नकोस,” वहिनी म्हणाली, “धाग्यांच्या मधून बाजूला सार. तो आपला आपण मिटतो.” धाकटीने सारला. पोट उघडलं. मग तिने बोट आत घातलं आणि अपेंडिक्स सापडेना. ती शोधत राहिली. भूल देणारे डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागले. वहिनीचे हात शिवशिवत होते. तिला ते एका हिसक्यात बाहेर काढता आलं असतं. तिने दोन्ही हातांनी जखम ताणून धरणारी हत्यारं आणखी घट्ट पकडली.

“चाचपडू नकोस. मोठं आतडं बाहेर घे. त्यावर पांढरी पट्टी दिसते?”

“दिसते.”

“तिचा माग काढत खाली जा. ती तिथेच जाऊन पोहोचते. नेहमी.”

पट्टीच्या शेवटी, आतड्याच्या मागे दडून बसलेलं, सुजलेलं, लालभडक अपेंडिक्स वर आलं. धाकटीने ते बांधलं. गाठ बसली ती अशी की वहिनीने निरखून पाहिली आणि तिला त्यात स्वतःचा हात दिसला.

“शिव,” ती म्हणाली, आणि हातमोजे काढून निघून गेली.

दोन दिवसांनी निरीक्षक आल्या. पिकलेल्या केसांच्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्या. धाकटी आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मग वहिनीला बोलावणं आलं.

“तुमच्या ज्युनियरने मला सगळं सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही फोन करू नको म्हणाला होतात. नंतर ते नाकारलंत. खरं आहे?”

वहिनीला खुर्ची खालून निसटल्यासारखं वाटलं. मग तिला राग आला, इतका की त्यात भीतीही विरघळून गेली. आता नाही म्हटलं तरी सिस्टरांना विचारतील. बुडायचंच आहे तर एकटीने का बुडायचं? स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायची वेळ आली होती आणि तिने ती दवडली नाही.

“खरं आहे,” ती म्हणाली. “आणि मला ते कोणी शिकवलं तेही लिहून घ्या. शब्दासकट सांगते. शवागाराचं वाक्य माझं नाही, सरांचं आहे. माझ्या पहिल्या वर्षी त्यांनी ते मला म्हटलं होतं. त्या वर्षी माझ्याबरोबर आणखी एक मुलगा होता. तो शिक्षण सोडून गेला, का गेला ते कोणी विचारलं नाही. ते विचारा.”

ती बोलत राहिली. निरीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि लिहीत राहिल्या.

बाहेर धाकटी व्हरांड्यात उभी होती. वहिनी तिच्यासमोर जाऊन थांबली.

“मी तुला अपेंडिक्स दिलं होतं.”

“हो.”

“मग?”

“ते माझं शिक्षण होतं,” धाकटी म्हणाली. “माझ्या हक्काचं. तुम्ही ते लाच म्हणून दिलंत, त्याला मी काय करू?”

वहिनीला हात उचलून तिच्या थोबाडीत मारायची अनावर इच्छा झाली. तेवढ्यात वॉर्डबॉय व्हरांड्यातल्या बाकावर झोपलेल्या एका म्हाताऱ्या पेशंटला धरून आत न्यायला लागला, म्हातारा लटपटत होता, आणि दोघींनी दोन बाजूंनी त्याला आधार दिला. त्याला खाटेवर निजवलं आणि दोघी दोन बाजूंना गेल्या.

महिन्याभरात निकाल आला. वहिनीची परीक्षा सहा महिने पुढे ढकलली, आणि ते सहा महिने तिने दुसऱ्या युनिटच्या प्रमुखांच्या देखरेखीखाली काढायचे होते. करवतांच्या हाताखालची शिकाऊ मुलं काढून घेतली. ऑपरेशनं ते करू शकत होते, पण हाताशी धरायला, ओरडायला कोणी उरलं नाही. लिफ्टमध्ये एकदा वहिनी त्यांच्यासमोर आली. ते म्हणाले, “तुला गाठ बांधायला मी शिकवलं.” ते खरं होतं. तिचा मजला आला, ती उतरली.

घरी सासूबाईंनी पहिल्यांदाच उघड तोंड सोडलं. “पोरीने घरातली गोष्ट परक्यांपुढे नेली,” त्या म्हणाल्या, आणि वहिनीला आश्चर्य वाटलं, कारण बोलणं मुलीला होतं, सुनेला नाही. धाकटी ताटावरून उठली. नवरा म्हणाला, “आई, ती घरातली गोष्ट नव्हती. एका बाईच्या पोटाची गोष्ट होती.” त्या रात्री तो वहिनीशी बोलला, पण जुनं काही परत येत नाही हे दोघांनाही कळत होतं. यायचं असेल तर नवंच काहीतरी येईल.

नवीन युनिटच्या प्रमुख मॅडम हळू बोलायच्या आणि चुकलं की हातातलं काम थांबवून चूक दाखवायच्या. वहिनीला पहिले काही आठवडे हे सोसवेना. शिवी संपली की विषय संपतो. यांच्याकडे विषय संपतच नसे. तोच टाका परत घाल, आता सांग का घातलास. ती घरी जाऊन चडफडायची. पण हळूहळू तिची घोटेदुखी थांबली, आणि तिच्या हाताखालचा पहिल्या वर्षाचा मुलगा फोन करायचा तेव्हा ती जिना उतरायची. कुरकुर करत, पण उतरायची.

परीक्षेत ती पास झाली. दूरच्या एका हॉस्पिटलात नेमणूक मिळाली. सामान बांधत होती तेव्हा धाकटी दारात येऊन उभी राहिली.

“अभिनंदन.”

“थँक्यू.”

“काल मी प्लीहा काढली. नव्या सरांनी करू दिली.”

“रक्त किती गेलं?”

“फार नाही.”

“आधी शीर बांधलीस की आधी प्लीहा सोडवून घेतलीस?”

धाकटी सांगायला लागली, दारातच, आत न येता. वहिनी घड्या घालत ऐकत होती. मध्येच तिने थांबवलं. “तिथे चुकलीस. स्वादुपिंडाच्या शेपटीला लागलं असतं.”

“नाही लागलं.”

“या वेळी नाही लागलं.”

“बघेन,” धाकटी म्हणाली. तिची ड्यूटी होती, ती गेली. वहिनीने बॅगेची चेन ओढली, ती अडली, आणि तिने गुडघा टेकवून ती बंद केली.